पीएलजीए सूक्ष्मगोलांत प्रथिन शाबूत कसे ठेवायचे: पहिल्या बॅचपासून महिनाभराच्या रिलीजपर्यंत

पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या बारीक कणांत औषधाचे प्रथिन भरायचे, म्हणजे ते हळूहळू सुटत (रिलीज होत) राहते. गोल, गुळगुळीत कण तयार होणे ही या कामातली सोपी बाजू आहे. दोन-तीन प्रयत्नांत कोणाच्याही हाताला ते जमते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सुंदर फोटो मिळतो आणि प्रकल्प पूर्ण झाल्यासारखा वाटतो. कणाच्या पोटातले प्रथिन त्या वेळी शाबूत आहे की गुठळी होऊन बसले आहे, हे मात्र फोटो सांगत नाही. कोल्हापूर परिसरात एम.फार्म. किंवा बायोटेकचा प्रकल्प करणाऱ्यांना ही पद्धत टेबलावर जशीच्या तशी वापरता यावी, म्हणून इथे मापे, वेळा आणि बिघाडांसकट दिली आहे. प्रथिन कुठे मरते आणि तिथे त्याला कसे वाचवायचे, यावर भर जास्त आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

प्रथिनाचे औषध पोटातून दिले तर ते पचून जाते आणि इंजेक्शनने दिले तर बहुतेक वेळा त्याचा अंमल लवकर उतरतो. औषध पॉलिमरमध्ये अडकवून आठवडे-महिने हळूहळू सोडायचे, ही कल्पना त्यातून आली. पॉलिमरमधून मोठे प्रथिनरेणू दीर्घकाळ बाहेर येऊ शकतात, हे रॉबर्ट लँगर आणि ज्युडा फोकमन यांनी १९७६ मध्ये दाखवले. त्यांचे पॉलिमर शरीरात विरघळणारे नव्हते. विरघळणारा पर्याय म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा सहपॉलिमर, पीएलजीए. पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात आणि उरलेली दोन्ही आम्ले शरीर नेहमीच्या चयापचयात वापरून टाकते.

या घराण्यातले ल्युप्रोलाइडचे महिन्याचे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झाले आणि आजही चालते. पण ल्युप्रोलाइड हा नऊ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड आहे. घडी, म्हणजे साखळीचा दुमडलेला आकार, मोडण्याची भीती त्याला नाही, कारण मोडण्यासारखी घडीच त्याला नाही. १९१ अमिनो आम्लांच्या मानवी वाढ संप्रेरकाचे असेच उत्पादन १९९९ मध्ये आले आणि २००४ मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. पेप्टाइडची कृती उचलून प्रथिनाला लावायला जाल, तर फसाल.

नावांचा गोंधळही इथेच मिटवू. मध्ये औषधाचा साठा आणि भोवती पॉलिमरचे कवच असेल तर ती सूक्ष्मकुपी, म्हणजे मायक्रोकॅप्सूल. औषध पॉलिमरभर विखुरलेले असेल तर तो सूक्ष्मगोल, मायक्रोस्फिअर. खालच्या पद्धतीने जे तयार होते ते पॉलिमरच्या गोळ्यात पसरलेले शेकडो बारीक कप्पे, म्हणजे सूक्ष्मगोल. अहवालात दोन्ही शब्द एकाच कणाला वापरू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कोणते प्रथिन, कोणता पॉलिमर

बहुतेक प्रकल्पांत बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) वापरतात, कारण ते स्वस्त आहे. आमच्या मते शिकण्यासाठी लायसोझाइम जास्त चांगले. बीएसएचे वजन मोजता येते, पण त्याची क्रिया मोजायला सोपी चाचणी नाही. लायसोझाइम एंझाइम आहे. मायक्रोकॉकस जिवाणूंच्या गढूळ निलंबनात ते टाकले की जिवाणूंच्या भिंती फुटतात, गढूळपणा उतरतो आणि ४५० नॅनोमीटरला तो उतार थेट मोजता येतो. ‘किती प्रथिन आहे’ आणि ‘किती काम करते आहे’ हे दोन आकडे शेजारी ठेवता आले, तर बॅचचे खरे रूप कळते.

लायसोझाइमचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याचा एकूण प्रभार शून्य होतो तो, ११ च्या आसपास आहे, म्हणजे शरीराच्या पीएचला त्याच्यावर धन प्रभार असतो. ज्याच्या साखळीचे टोक आम्लाचे आहे अशा पीएलजीएवर ऋण प्रभार येतो. दोघे एकमेकांना चिकटतात: भरण (कणात अडकलेले प्रथिन) छान होते, पण नंतर प्रथिन सुटत नाही. म्हणून लायसोझाइमसाठी एस्टर टोकाचा पीएलजीए घ्या, लॅक्टिक-ग्लायकोलिकचे प्रमाण ५०:५०, रेणुभार २४,००० ते ३८,००० च्या पट्ट्यातला. ५०:५० सर्वांत लवकर झिजतो, साधारण एक-दोन महिन्यांत. ७५:२५ ला चार-पाच महिने लागतात, आणि प्रकल्पाच्या मुदतीत ते बसत नाही.

पॉलिमरची डबी मागवताना प्रमाण, रेणुभार आणि टोक कोणते, ही तिन्ही माहिती लेबलवर आहे का बघून घ्या. नुसते ‘पीएलजीए’ असा उल्लेख असलेला जुना साठा कपाटात सापडला, तर त्यावर काम सुरू करू नका.

कोल्हापूरची हवा हिशेबात धरा

बहुतेक शोधनिबंधांत ‘खोलीच्या तापमानाला’ असे लिहिलेले असते, आणि ती खोली २०-२२ अंशांची असते. एप्रिलमध्ये आपल्याकडे वातानुकूलन नसलेल्या खोलीत पारा ३५ च्या वर जातो. पॉलिमर ज्यात विरघळवायचा ते डायक्लोरोमिथेन, म्हणजे डीसीएम, समुद्रसपाटीला ३९.६ अंशांना उकळते. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हा बिंदू सुमारे दोन अंशांनी आणखी खाली येतो. तापलेल्या खोलीत डीसीएम जवळजवळ उकळीलाच टेकलेले असते. ते झपाट्याने उडते, कणांच्या पृष्ठभागावर फुगे फुटून भोके पडतात आणि पहिल्याच दिवशी निम्मे प्रथिन बाहेर येते. उन्हाळ्यात बॅच सकाळी सात-आठला लावा, किंवा २० ते २५ अंश राखणाऱ्या खोलीत करा.

पावसाळ्याचा त्रास वेगळा आहे. जुलैत उघडी ठेवलेली गुळाची ढेप कशी पाझरते, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. पीएलजीए तसा पाझरताना दिसत नाही, पण ओलावा धरतो आणि डबीतल्या डबीत त्याच्या साखळ्या तुटत राहतात. डबी उणे २० अंशांवर, सिलिका जेलसह दोन बंद पिशव्यांत ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला यायला तासभर द्या आणि मगच झाकण उघडा. गार डबी लगेच उघडली तर हवेतली वाफ थेट पॉलिमरवर जमते. आणखी चांगले म्हणजे नवी डबी पहिल्यांदा उघडाल तेव्हाच ५०० मिग्रॅच्या पुड्या काचेच्या कुप्यांत भरून ठेवणे, म्हणजे मूळ डबी पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही.

लागणारी द्रावणे

पद्धत थोडक्यात अशी: प्रथिनाच्या पाण्याचे बारीक थेंब डीसीएममधल्या पॉलिमरमध्ये पसरवायचे (पहिले इमल्शन), मग ते मिश्रण थेंबाथेंबांनी पीव्हीएच्या पाण्यात पसरवायचे (दुसरे इमल्शन), आणि डीसीएम उडून गेले की थेंबांचे कडक कण होतात. पीव्हीए, म्हणजे थेंब एकमेकांत मिसळू न देणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड घ्यायचे. २ टक्के द्रावणासाठी ते थंड पाण्यात, स्टरर चालू असताना, चिमटीने भुरभुरवत टाका. उकळत्या पाण्यात एकदम ओतले तर पिठल्यात होतात तशा गाठी होतात: बाहेरून चिकट आणि आत कोरड्या. सगळी पावडर भिजली की ८० ते ८५ अंशांवर तासभर तापवा. गार झाल्यावर वजन करून उडालेले पाणी भरून काढा, २ टक्के मीठ विरघळवा आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. याच पद्धतीने ०.३ टक्के पीव्हीए आणि २ टक्के मीठ असलेले २०० मिली द्रावण वेगळे करा. कण त्यातच कडक होणार आहेत. पाणी नळाचे किंवा बोअरचे नको, डिस्टिल्डच हवे.

मीठ कशासाठी? आतल्या थेंबात प्रथिन आणि ट्रेहॅलोज असते. बाहेरचे पाणी कोरे राहिले तर परासरणाने ते आत घुसते, कप्पे फुगून फुटतात आणि प्रथिन बाहेर वाहते. बाहेर मीठ असले की ही ओढ थांबते. भरणाचा आकडा सुधारण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आतल्या पाण्यासाठी ०.४ मिली १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४, २० मिग्रॅ लायसोझाइम आणि २० मिग्रॅ ट्रेहॅलोज विरघळवा. जोरात हलवू नका, फेस म्हणजे हवेच्या पृष्ठभागावर मोडलेले प्रथिन. नळी तिरकी धरून हळू फिरवा आणि बर्फात ठेवा. साखर ट्रेहॅलोजच निवडा. ग्लुकोज किंवा लॅक्टोज क्षपणकारी साखरा आहेत, त्या प्रथिनाशी अभिक्रिया करतात आणि नंतरच्या बीसीए चाचणीतही (रंगावरून प्रथिन मोजण्याची चाचणी) खोटा रंग देतात.

तेल अवस्थेसाठी, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवासाठी, ४०० मिग्रॅ पीएलजीए ४ मिली डीसीएममध्ये, काचेच्या कुपीत, टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाखाली अर्धा तास विरघळू द्या. पॉलिस्टायरिनची नळी किंवा पेट्री डिश डीसीएममध्ये विरघळते आणि तुमच्या पॉलिमरमध्ये मिसळते, त्यामुळे इथे सगळे काचेचेच. मायक्रोपिपेटनेही डीसीएम नीट मोजता येत नाही. त्याच्या वाफेच्या दाबाने टोकातून थेंब गळत राहतात. काचेची सिरिंज वापरा. नायट्राइलच्या पातळ हातमोज्यांतून डीसीएम काही मिनिटांत आरपार जाते. दोन जोड घाला आणि सांडले की लगेच बदला. हे सगळे काम फ्यूम हूडखाली करायचे. शरीरात गेलेल्या डीसीएमपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून ‘दहा मिनिटांचेच तर काम आहे’ ही सबब चालत नाही. मध्येच वीज गेली आणि हूड बंद पडले, तर भांडे झाका, खिडक्या उघडा आणि वीज येईपर्यंत बाहेर थांबा.

पहिले इमल्शन: प्रथिनाची पहिली कसोटी

पॉलिमरचे द्रावण २० मिलीच्या अरुंद काचेच्या कुपीत, बर्फाच्या टबात पाच मिनिटे गार करा. प्रथिनाचे ०.४ मिली द्रावण त्यात सोडा. प्रोब सोनिकेटरचे (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारे यंत्र) ३ मिमीचे टोक द्रवाच्या मधोमध ठेवा. काचेला टेकले तर धातूचे कण सुटतात, आणि वर राहिले तर फेस होतो. ४० टक्के क्षमतेवर ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, असे तीन वेळा. एकूण १५ सेकंद, त्याहून जास्त नाही. सोनिकेटर नसेल तर होमोजिनायझर (वेगाने फिरून मिश्रण बारीक करणारे यंत्र) मिनिटाला १५,००० फेऱ्यांवर एक मिनिट.

प्रथिन मरण्याची पहिली जागा हीच. पाणी आणि डीसीएम यांच्या सीमेवर प्रथिनाची पाणी टाळणारी बाजू बाहेर वळते, घडी उलगडते आणि असे उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटतात. थेंब जितके बारीक, तितका सीमेचा पसारा मोठा. त्यामुळे ‘अजून थोडे बारीक करू’ म्हणून मिनिटभर सोनिकेट केले की भरणाचा आकडा वाढतो आणि क्रियेचा पडतो. ट्रेहॅलोज वाळवताना कामी येते, पण या सीमेवर ते फारसे वाचवत नाही. नाजूक प्रथिनासोबत थोडे बीएसए घालतात ते म्हणूनच: सीमेवर बीएसए आधी जाऊन बसते आणि मार खाते.

जमलेले इमल्शन दुधासारखे एकजीव पांढरे दिसते, त्यात निळसर झाक असते. कुपी पाच मिनिटे बर्फात ठेवून पाहा. डीसीएम पाण्यापेक्षा जड असल्याने इथे पाणी वर येते, मिसळीच्या रश्श्यावर तर्री तरंगते तसे. वर पारदर्शक कड दिसली तर इमल्शन फुटले आहे. ते पुढे नेऊन उपयोग नाही, कारण सुटे झालेले प्रथिन दुसऱ्या पाण्यात जाऊन वाया जाते. कारण बहुधा पॉलिमर कमी पडणे, कुपी रुंद असणे किंवा टोकाची जागा चुकणे.

दुसरे इमल्शन आणि कडक होणे

१०० मिलीच्या बीकरमध्ये मीठ घातलेले २ टक्के पीव्हीए ४० मिली, १० अंशांपर्यंत गार. होमोजिनायझर ४,००० फेऱ्यांवर चालू करा आणि पहिले इमल्शन काचेच्या पाश्चर पिपेटने फिरत्या डोक्याजवळ अर्ध्या मिनिटात सोडा. सोडून संपल्यावर एक मिनिट, मग बंद. लगेच सगळे २०० मिलीच्या दुसऱ्या द्रावणात ओता. ते आधीपासून ढवळत ठेवलेले हवे.

फेऱ्यांचा आकडा आंधळेपणाने घेऊ नका. डोक्याचा व्यास वेगळा असला की तेवढ्याच फेऱ्यांत कणाचा आकार दुप्पट फरकाने बदलतो. आधी प्रथिनाशिवाय २,०००, ४,००० आणि ६,००० फेऱ्यांवर रिकाम्या बॅचेस करून आपल्या यंत्राचा आलेख काढा. इंजेक्शनसाठी २० ते १०० मायक्रॉनचा पट्टा धरायचा. १० मायक्रॉनखालचे कण मॅक्रोफेज पेशी गिळून टाकतात.

ढवळण्यासाठी मॅग्नेटिक बार नको. तळाशी बसलेले मऊ कण तो भरडतो. वरून पाते सोडणारा स्टरर घ्या, २५० ते ३०० फेऱ्या. तीन पात्यांचा स्टेनलेस स्टीलचा दांडा कॅटलॉगमधून मागवण्यापेक्षा बीकरचे माप घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये करून घेणे सोपे. ३१६ ग्रेड सांगा आणि जोड घासून गुळगुळीत करून मागा, खाचेत पॉलिमर अडकतो.

पहिली २० मिनिटे द्रावण गार ठेवा, मग २५ अंशांपर्यंत येऊ द्या आणि एकूण तीन तास उघडे ढवळा. इथे काय चालले आहे ते आकड्यांत पाहा. ४ मिली डीसीएम म्हणजे ५.३ ग्रॅम. एक लिटर पाण्यात साधारण १३ ते १७ ग्रॅम डीसीएम विरघळते, म्हणजे २४० मिलीत फार तर तीन-चार ग्रॅम. उरलेले हवेत उडावे तेव्हाच थेंबातून आणखी बाहेर येते. भांडे अरुंद असेल किंवा झाकलेले असेल तर तीन तासांतही कण मऊच राहतात. उलट एकदम एक लिटर पाण्यात ओतले तर डीसीएम झटकन निघते आणि थेंबावर लवकर साय धरते. प्रथिन आत अडकते, पण आतला डीसीएम मागाहून वाट काढताना कवचाला छिद्रे पाडतो. पहिल्या बॅचला २४० मिलीच ठेवा.

दर तासाला एक थेंब काचपट्टीवर घेऊन साध्या मायक्रोस्कोपखाली पाहा. सुरुवातीचे कण कव्हरस्लिप दाबल्यावर चपटे होतात आणि एकमेकांत मिसळतात. कडक झालेले कण दाबाखाली गोलच राहतात आणि घरंगळतात. घड्याळापेक्षा या खुणेवर विश्वास ठेवा.

गोळा करणे, धुणे, वाळवणे

१२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून गुठळ्या काढा. खाली आलेले १,००० जी वर पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. वरचे पाणी ओतून टाकू नका. त्यात निसटलेले प्रथिन आहे आणि ते मोजायचे आहे. ४० मिली गार डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा, प्रत्येक धुणे वेगळ्या नळीत, लेबल लावून.

तळाशी बसलेला कणांचा थर (पेलेट) ४ मिली पाण्यात पसरवून उणे ८० अंशांवर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन वापरतात, त्यामुळे दुधाच्या या जिल्ह्यात तो मिळवणे तुलनेने सोपे आहे. मग लायोफिलायझरमध्ये (गोठलेले निर्वातात वाळवणारे यंत्र) ०.१ मिलिबारखाली ४८ तास. ओव्हनमध्ये वाळवायचा विचारही नको: कोरडा पीएलजीए ४५-५० अंशांना मऊ होतो, पण पाणी किंवा डीसीएम उरलेले असेल तर हा बिंदू ३५ च्याही खाली येतो आणि कण चिकटून वडी होते.

लायोफिलायझरचा खरा शत्रू म्हणजे वीज जाणे. निर्वात गेला, बर्फ वितळला आणि मग वीज आली, तर वाळलेल्या कणांचा केक आकसून पारदर्शक पापुद्र्यासारखा भांड्याला चिकटलेला सापडतो. ती बॅच रिलीजला वापरू नका, पाण्यात कण सुटे होत नाहीत. पंप आणि कंडेन्सर दोन्ही पेलेल असा बॅकअप आहे का, ते ४८ तास सुरू करण्यापूर्वी तपासा. चांगला केक मऊ, पांढरा, बोटाच्या टिचकीने भुकटी होणारा असतो.

भरण किती, आणि काम करणारे किती

समजा २० मिग्रॅ प्रथिन, २० मिग्रॅ ट्रेहॅलोज आणि ४०० मिग्रॅ पॉलिमर मिळून ४४० मिग्रॅ घातले आणि हाती ३५२ मिग्रॅ आले. उत्पादन ८० टक्के. सैद्धांतिक भरण २० भागिले ४४०, म्हणजे ४.५५ टक्के.

१० मिग्रॅ कण १ मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, ०.५ टक्के एसडीएस या साबणासारख्या द्रव्यासह, रात्रभर हलवत ठेवा. पॉलिमर पूर्ण विरघळला की बीसीए चाचणी, ५६२ नॅनोमीटर. ब्रॅडफोर्ड ही दुसरी प्रथिनचाचणी इथे चालत नाही, एसडीएस त्याचा रंग बिघडवतो. मानक आलेख साध्या पाण्यात काढू नका: रिकामे कण त्याच अल्कलीत विरघळवून त्यात मोजलेले लायसोझाइम घाला आणि त्यावर काढा. ३४० मायक्रोग्रॅम मिळाले तर प्रत्यक्ष भरण ३.४ टक्के आणि कार्यक्षमता ३.४ भागिले ४.५५, म्हणजे ७५ टक्के. धुण्याच्या पाण्यातले प्रथिन मिळवून बेरीज शंभराजवळ येते का पाहा. येत नसेल तर कुठल्या तरी पायरीवर मोजण्यात चूक आहे.

अल्कलीने क्रिया नष्ट होते, म्हणून क्रियेसाठी वेगळे १० मिग्रॅ घ्या. अर्धा मिली डीसीएममध्ये पॉलिमर विरघळवा, खाली बसलेले किंवा वर तरंगणारे प्रथिन सेंट्रिफ्यूजने वेगळे करा, डीसीएमने आणखी दोनदा धुवा, उडू द्या आणि उरलेले पीएच ६.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये घेऊन मायक्रोकॉकस चाचणी लावा. सोबत ताजे लायसोझाइमही याच वाटेने न्या. त्याची क्रिया या काढण्यातच १० टक्के घटत असेल, तर ती घट सूक्ष्मगोलांच्या नावावर टाकता येणार नाही.

रिलीज

२ मिलीच्या, प्रथिन न चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत २० मिग्रॅ कण आणि २ मिली पीबीएस (मीठयुक्त फॉस्फेट बफर), पीएच ७.४, त्यात ०.०२ टक्के ट्वीन २० आणि ०.०२ टक्के सोडियम अझाइड. तीन नळ्या प्रथिनाच्या, तीन रिकाम्या कणांच्या, आणि एकीत नुसते विरघळलेले लायसोझाइम. शेवटची नळी कोणी ठेवत नाही, पण ३७ अंशांवर महिनाभर प्रथिन स्वतःच किती खराब होते ते तीच सांगते. नळ्या आडव्या ठेवून हळू हलवा.

१ तास, ४ तास, २४ तास, मग ३, ७, १४, २१, २८ दिवस. प्रत्येक वेळी सेंट्रिफ्यूज करून १ मिली काढा, तेवढेच ताजे बफर घाला. हिशेबात आधी काढलेल्या प्रत्येक मिलीतले प्रथिन मिळवत जा. ते विसरले की एकत्रित रिलीजचा आलेख मध्येच खाली उतरतो, आणि असा आलेख प्रबंधात दिसला की परीक्षक पान उलटत नाही.

अझाइडचे उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नका. आम्लाशी ते विषारी वायू देते आणि तांबे-शिशाच्या नळात स्फोटक क्षार तयार करते. ते वेगळ्या लेबलच्या बाटलीत जाऊ द्या. डीसीएमचा कचराही हॅलोजनयुक्त द्रावकांच्या बाटलीतच.

आकार असा दिसायला हवा: पहिल्या दिवशी थोडे भसकन बाहेर, मग बराच काळ जवळजवळ सपाट, आणि पॉलिमर तुटू लागला की पुन्हा चढ. पहिल्या २४ तासांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त सुटले तर प्रथिन पृष्ठभागाजवळ आहे. पहिले इमल्शन अधिक बारीक हवे होते, पॉलिमर १० ऐवजी १५ टक्के हवा होता, बाहेरचे मीठ राहिले किंवा वाळवताना कण भेगाळले. यांतले एका वेळी एकच बदला.

उलट तक्रार जास्त अवघड आहे: महिना संपला आणि ५० टक्क्यांवर रिलीज थांबली. उरलेले कण अल्कलीत विरघळवून मोजा. प्रथिन आत सापडले तर ते गुठळी होऊन किंवा चिकटून बसले आहे. पहिले इमल्शन आणि वाळवणे यांनंतरची प्रथिनाची तिसरी कसोटी इथे दिसते. पॉलिमर तुटताना तयार होणारी आम्ले कणाच्या आत साठतात आणि आतला पीएच ३ च्याही खाली जाऊ शकतो. बाहेरचे बफर ७.४ दाखवत असते, आत प्रथिन आम्लात भिजत असते. यावर उपाय म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची अतिबारीक पूड, पॉलिमरच्या ३ टक्के, म्हणजे आपल्या बॅचला १२ मिग्रॅ, पहिल्या इमल्शनपूर्वी डीसीएममध्ये पसरवायची. ती आत निर्माण होणारे आम्ल जागच्या जागी शमवते. पूड भरड असेल तर कणात मोठे खड्डे पडतात आणि पहिल्या दिवसाची गळती वाढते, म्हणून आधी खलात घोटून २० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. ही बॅच आणि साधी बॅच शेजारी ठेवून २८ व्या दिवशी आत उरलेल्या लायसोझाइमची क्रिया मोजली, तर साऱ्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा आकडा हाती येतो. एक सावधगिरी: लायसोझाइम चिवट आहे. त्याने तग धरला म्हणून नाजूक प्रथिनही धरेल असे लिहू नका.

सुईतून जाते का

प्राण्यांवरचा प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि टेबलावर निर्जंतुक न करता केलेली ही बॅच कोणालाही टोचायची नाही. उरलेल्या डीसीएमची मर्यादा ६०० पीपीएम आहे, ती गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासावी लागते. पण सुईची चाचणी आजच करता येते. ५ टक्के मॅनिटॉल, ०.५ टक्के सोडियम सीएमसी (द्रव दाट करणारे द्रव्य) आणि ०.१ टक्का ट्वीन ८० असलेल्या १ मिली पाण्यात १०० मिग्रॅ कण घ्या, सिरिंज दहा वेळा उलटीसुलटी करा आणि २३ गेजच्या सुईतून पांढऱ्या कागदावर सावकाश सोडा. धार अखंड आली तर ठीक. सुई मध्येच तुंबली तर आधी तिच्या मागे अडकलेले काय आहे ते मायक्रोस्कोपखाली पाहा: सुटे गोल कण असतील तर द्रव पातळ झाला आहे, सीएमसी वाढवा. एकमेकांना चिकटलेले पुंजके असतील तर कडक होण्याचे तीन तास पुरलेले नाहीत, किंवा लायोफिलायझरमध्ये बर्फ वितळला होता.